घर्षणाचे नियम उलटतात ती जागा: बेअरिंगची प्रयोगशाळा उभारताना

घर्षणाशी विद्यार्थ्याची पहिली ओळख होते ती उतरणीवर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्याच्या प्रयोगातून, आणि तिथे शिकलेले नियम त्याच्या मनात इतके घट्ट बसतात की पुढे बेअरिंग शिकवताना ते सैल करणे हेच शिक्षकाचे मुख्य काम होऊन बसते. आमोंताँने १६९९ मध्ये मांडलेले आणि कुलोमने १७८५ मध्ये अधिक तपशिलाने तपासलेले हे नियम सांगतात की घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, स्पर्शाच्या दिसणाऱ्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसते आणि वेगाचाही त्यावर फारसा परिणाम होत नाही. तेलाच्या अखंड थरावर फिरणाऱ्या जर्नल बेअरिंगमध्ये, म्हणजे फिरत्या शाफ्टला आधार देणाऱ्या साध्या नळीसारख्या बेअरिंगमध्ये, हे तिन्ही नियम उलटतात. तिथे घर्षण वेगाबरोबर वाढते, क्षेत्रफळाबरोबर वाढते, आणि भार फार जड नसेल तर तो बदलला तरी घर्षण जवळजवळ होते तिथेच राहते. फळ्यावर हे समीकरणातून सिद्ध करता येते, विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितातही. पण प्रत्यक्ष बेअरिंग समोर ठेवून ‘भार दुप्पट केला तर काय होईल?’ असे विचारले की बहुतेकांच्या तोंडून ठोकळ्याचेच उत्तर येते.

यंत्र अभियांत्रिकीच्या आमच्या विभागात घर्षण आणि वंगण या विषयाची प्रयोगशाळा नव्याने उभारण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा माझ्यासमोर हाच प्रश्न होता. उपकरणे पुष्कळ मिळतात. पारदर्शक बेअरिंग, त्याला जोडलेल्या मॅनोमीटरच्या (द्रवाच्या उंचीने दाब दाखवणाऱ्या) नळ्यांची रांग, खाली लटकवायची वजने आणि वेग बदलता येणारी मोटर, असा संच बहुतेक महाविद्यालयांत दिसतो. आणि त्याच एका संचावर दाबाची वाटणी आणि घर्षण गुणांक (घर्षण भागिले भार) अशी दोन्ही मापे घेता येतील, अशी अपेक्षा सहसा धरली जाते. मी आकडेमोड करून पाहिली आणि या दोन गोष्टींसाठी दोन वेगळी यंत्रे हवीत या निष्कर्षाला आले. जे यंत्र तेलाचा थर डोळ्यांना दाखवते ते घर्षण विश्वासाने मोजू शकत नाही, आणि जे घर्षण नीट मोजते त्यात डोळ्यांना काहीच दिसत नाही. याची कारणे भूमितीतच आहेत.

पहिल्या यंत्रापासून सुरुवात करते. त्यात आडवा पोलादी शाफ्ट ५० मिमी व्यासाचा आहे आणि त्यावर अॅक्रिलिकचे बेअरिंग सैल लटकलेले आहे, ज्याचा आतला व्यास ५५ मिमी आणि लांबी ७० मिमी आहे. म्हणजे त्रिज्येतला क्लिअरन्स, शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली मोकळी जागा, अडीच मिमी झाला. खऱ्या यंत्रात एवढ्या शाफ्टला हा क्लिअरन्स ०.०२५ मिमीच्या आसपास, म्हणजे शंभरपट कमी, असतो. ही अतिशयोक्ती मुद्दाम केलेली आहे, कारण बेअरिंग एका बाजूला सरकलेले दिसायला हवे आणि दाब तेलाच्या उघड्या स्तंभांवर वाचता यायला हवा. थरातला दाब क्लिअरन्सच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्यामुळे तेच तेल, तोच वेग आणि तेवढीच सापेक्ष उत्केंद्रता (क्लिअरन्सच्या तुलनेत दोन्ही केंद्रांतले अंतर) ठेवून क्लिअरन्स शंभर पटीने कमी केला तर दाब दहा हजार पटीने वाढेल. आमच्या नळ्यांच्या फळीवर जो स्तंभ अर्धा मीटर चढतो तो खऱ्या बेअरिंगमध्ये पाच किलोमीटर चढला असता. हा हिशोब मी प्रत्येक तुकडीला स्वतः करायला लावते, कारण इंजिनातले बेअरिंग टनावारी भार कसा पेलते याचे उत्तर त्या एका गुणाकारात आहे.

अॅक्रिलिकच्या बेअरिंगला मध्यावर दर ३० अंशांवर एक, अशी परिघावर बारा छिद्रे आणि माथ्यावर लांबीच्या दिशेने आणखी चार छिद्रे घ्यायची होती. दाब मोजण्याच्या छिद्राचे तोंड आतल्या पृष्ठभागाशी अगदी सपाट असावे लागते. तिथे थोडी जरी बर (कापताना कडेला राहणारा खरबरीत कंगोरा) राहिली तरी तेलाचा प्रवाह तिच्यावर आपटतो आणि त्या एका छिद्राचे माप कायमचे चुकते. आमच्या कार्यशाळेतल्या टर्नरनी नकाशा पाहताच सांगितले, ‘मॅडम, आधी भोके पाडून घेऊ आणि आतल्या व्यासाला शेवटचा हात नंतर मारू, म्हणजे तोंडाशी बर राहायचा प्रश्नच नाही.’ तसेच केले. अॅक्रिलिक गरम झाले की चिकट होऊन ड्रिलला धरते, म्हणून छिद्रे सावकाश आणि थंडावा देत पाडावी लागली. हे बेअरिंग अॅसिटोनने किंवा स्पिरिटने कधीही पुसू नये, ही सूचना त्याच दिवशी यंत्राच्या चौकटीवर लिहून लावली. अशा द्रावकांनी अॅक्रिलिकवर बारीक तड्यांचे जाळे उमटते आणि पारदर्शकता गेली की यंत्राचे प्रयोजनच जाते. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो.

बेअरिंगची दोन्ही टोके पातळ रबरी पडद्यांनी बंद केली आणि तेलाचा पुरवठा वर ठेवलेल्या टाकीतून दिला, त्यामुळे टोकांपाशी दाब टाकीच्या पातळीइतका राहतो. टाकी किती उंच ठेवायची हा वरकरणी किरकोळ दिसणारा निर्णय प्रत्यक्षात महत्त्वाचा आहे. थराच्या रुंदावणाऱ्या भागात दाब टाकीच्या पातळीच्या खाली जातो; टाकी बेअरिंगच्या जवळ असेल तर तिथला स्तंभ छिद्रापर्यंत उतरतो, हवा आत खेचली जाते आणि आलेखाचा अर्धा भाग हातचा निघून जातो. टाकी पुरेशी वर घेतली की चढलेले आणि उतरलेले असे दोन्ही स्तंभ फळीवरच राहतात. नळ्या मी ६ मिमी आतल्या व्यासाच्या घेतल्या. अधिक बारीक नळ्या दिसायला नेटक्या असतात, पण जाड तेल त्यांतून इतके सावकाश सरकते की पातळी स्थिर होईपर्यंत तेलाचे तापमानच बदललेले असते.

तेल भरणे हे या यंत्रावरचे सर्वांत चिकाटीचे काम. नव्या तेलात हवा असतेच; ते टाकीत रात्रभर राहू दिले, दुसऱ्या दिवशी शाफ्ट अगदी हळू फिरवत बेअरिंग थोडे कलते करून एकेका छिद्रातून बुडबुडे काढले आणि नळ्यांवर बोटाने टिचक्या मारत ते वर जाऊ दिले. शाफ्ट थांबलेला असताना सर्व स्तंभ टाकीच्या पातळीला एका रेषेत आले पाहिजेत, हीच भरणीची परीक्षा. एखादा स्तंभ वर किंवा खाली राहिला तर त्या नळीत बुडबुडा आहे किंवा छिद्र तुंबलेले आहे असे समजावे, आणि ते निस्तरल्याशिवाय मोटर चालू करू नये. विद्यार्थ्यांना या तपासणीचा कंटाळा येतो, पण मी ती गाळू देत नाही.

मोटर सुरू झाल्यावर जे घडते ते पाहताना प्रयोगशाळेत नेहमी शांतता पसरते. एका रेषेतले स्तंभ हळूहळू लाटेसारखे उठू लागतात. बेअरिंगच्या माथ्याकडचे चढतात, त्यापुढचे खाली जातात आणि काही वेळाने लाट स्थिर होते. तेल टाकीतून केवळ आपल्या वजनाने येत आहे, पंप कुठेही नाही, तरी दाब निर्माण झालेला आहे. तो निर्माण झाला आहे शाफ्टच्या फिरण्याने, अरुंद होत जाणाऱ्या फटीत चिकट तेल ओढले गेल्यामुळे. बेअरिंगकडे बाजूने नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. थांबलेल्या स्थितीत बेअरिंग शाफ्टवर माथ्याने टेकलेले असते आणि सर्वांत पातळ जागा माथ्यावर असते; फिरू लागल्यावर ती पातळ जागा फिरण्याच्या दिशेने बाजूला सरकते, आणि सर्वाधिक दाब त्या जागेवर नसून तिच्या आधी, फट अजून अरुंद होत असताना, आढळतो. दिशा उलटी केली की सारे चित्र आरशातल्यासारखे पालटते. हे पालटणे तपासणीलाही उपयोगी आहे, कारण दोन्ही दिशांचे आलेख एकमेकांचे प्रतिबिंब झाले नाहीत तर दोष भौतिकशास्त्रात नाही, कुठल्या तरी छिद्रात किंवा बेअरिंगच्या कलण्यात आहे हे लगेच कळते.

याच ठिकाणी मी विद्यार्थ्यांना बोशँप टॉवरची हकीकत सांगते. ब्रिटनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेसाठी तो रेल्वेच्या आसांसारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होता आणि त्याचा पहिला अहवाल १८८३ मध्ये आला. त्याच्या यंत्रातही पितळी बेअरिंग जर्नलच्या (शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) वर बसलेले होते आणि जर्नलचा खालचा भाग तेलात बुडलेला होता. नेहमीचे तेलपात्र बसवण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर छिद्र पाडले, तर त्यातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. बूच बसवले, लाकडी खुंटी ठोकली, तरी ती बाहेर ढकलली गेली. मग त्याने तिथे दाबमापक जोडला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला सुमारे १०० पौंड असताना त्याचा २०० पौंडांपर्यंतचा दाबमापक अपुरा पडला. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये तेलाच्या थराचे जे समीकरण मांडले त्याला ही मापे आधार होती. आमच्या फळीवर माथ्याकडची नळी सर्वांत उंच चढते ती याच कारणाने, आणि तेलाचे छिद्र भार पेलणाऱ्या बाजूला कधी काढू नये हा आरेखनाचा नियमही इथूनच येतो. विद्यार्थी हा नियम पुस्तकात वाचून विसरतात. माथ्याची नळी थोडी खाली वाकवून तिच्या तोंडातून तेल उसळताना पाहिले की विसरत नाहीत.

आकडेमोडीचा भाग असा: बारा दाबांचे भाराच्या दिशेतले घटक परिघावर बेरजेने एकत्र करायचे, टोकांकडे दाब कसा उतरतो ते लांबीच्या दिशेच्या चार नळ्यांवरून पाहायचे, आणि एकूण येणारे बल वजनांशी ताडून पाहायचे. बेअरिंगचे स्वतःचे वजन त्यात धरावे लागते, कारण एकूण भारच दीड-दोन किलोंचा असतो आणि बेअरिंग, पडदे व जोडण्या मिळून त्याचा मोठा हिस्सा होतो. सैद्धांतिक वक्राशी तुलना करताना मापे मधल्या भागात चांगली जुळतात आणि शिखरापाशी कमी भरतात. याची दोन कारणे मी चर्चेत काढून घेते. साधे सूत्र बेअरिंग अनंत लांब मानते, तर आमच्या बेअरिंगची लांबी व्यासाच्या दीडपटीपेक्षाही कमी आहे, त्यामुळे तेल टोकांकडे सुटते. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे: रेनॉल्ड्सचे समीकरण थर त्रिज्येच्या तुलनेत अगदी पातळ असल्याचे गृहीत धरते, आणि आमच्या यंत्रात क्लिअरन्स त्रिज्येचा दहावा हिस्सा आहे, जो खऱ्या बेअरिंगमध्ये हजारावा असतो. दाखवण्यासाठी केलेल्या अतिशयोक्तीची ही किंमत आहे आणि ती विद्यार्थ्यांपासून लपवू नये असे मला वाटते.

आता घर्षणाकडे. या पारदर्शक यंत्रावर घर्षण का मोजू नये? बेअरिंगला सोळा नळ्या आणि दोन रबरी पडदे जोडलेले आहेत. त्यांचा ताण बेअरिंगच्या फिरण्याला विरोध करतो आणि तो तेलाच्या घर्षणापासून वेगळा काढता येत नाही. त्याहून मूलभूत अडचण अशी की, तेल शाफ्टवर जे घर्षण-आघूर्ण (फिरण्याला विरोध करणारा पीळ) लावते आणि बेअरिंगवर जे लावते ती दोन्ही सारखी नसतात. शाफ्ट आणि बेअरिंग यांची केंद्रे भाराच्या रेषेपासून बाजूला सरकलेली असल्यामुळे भार गुणिले ते आडवे अंतर, एवढा फरक दोहोंत पडतो. आमच्या यंत्रात १५ न्यूटन भार आणि दीड मिमी सरकण धरली तर हा फरक ०.०२२ न्यूटन-मीटरच्या आसपास येतो, आणि त्या वेगाला शाफ्टवरचे एकूण आघूर्णच ०.०३ ते ०.०४ असते. बेअरिंगवर मोजलेले माप शाफ्टचे म्हणून वापरले तर निम्म्याहून अधिक घर्षण हिशोबातून गळून जाईल. खऱ्या क्लिअरन्सच्या बेअरिंगमध्ये ही सरकण मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते, आणि तिथे बेअरिंगवर घेतलेले माप शाफ्टच्या मापाच्या पुष्कळ जवळ असते.

म्हणून दुसरे यंत्र: ५० मिमी व्यासाचा कठीण केलेला, ग्राइंड केलेला जर्नल, त्यावर ५० मिमी लांबीचा कांस्याचा बुश (नळीसारखे साधे बेअरिंग), त्रिज्येतला क्लिअरन्स ०.०४ मिमी, आणि तरफेने २,००० न्यूटनपर्यंत भार. बुशला एक आडवा हात आहे आणि तो लोड सेलवर (बल मोजणाऱ्या संवेदकावर) टेकतो. बुश फिरू पाहतो, लोड सेल त्याला अडवतो, आणि बल गुणिले हाताची लांबी म्हणजे घर्षणाचे आघूर्ण. वर्णन दोन ओळींत संपते. विश्वासाचे माप मिळेपर्यंत मात्र सत्राचा बराचसा भाग गेला, आणि शिकवण्याच्या दृष्टीने तोच भाग सर्वांत मोलाचा ठरला.

मुख्य प्रश्न भाराच्या रेषेचा. भार बुशच्या केंद्रातून तंतोतंत गेला नाही तर तो स्वतःच बुशला फिरवतो आणि लोड सेल ते घर्षण म्हणून दाखवतो. किती अचूकता हवी ते सोप्या भागाकाराने कळते: घर्षण गुणांकात येणारी चूक म्हणजे केंद्रापासूनचे अंतर भागिले जर्नलची त्रिज्या. भाराची रेषा फक्त ०.१ मिमी सरकलेली असेल तर ०.१ ला २५ ने भागून ०.००४ एवढी चूक येते, आणि चांगल्या वंगणावर फिरणाऱ्या बेअरिंगचा घर्षण गुणांकच ०.००२ ते ०.०१ या पट्ट्यात असतो. म्हणजे अत्यंत काळजीपूर्वक केलेल्या जुळवणीनंतरही राहणारी चूक मोजायच्या राशीएवढी असू शकते. भार सुरीच्या धारेसारख्या टेकूवरून लटकवणे, डायल गेज लावून जुळवणे, हे सारे केले आणि त्याने सुधारणाही झाली. पण खरा उपाय यांत्रिक नाही, तो मापनाच्या पद्धतीत आहे. शाफ्ट एका दिशेने फिरवून माप घ्यायचे, मग तोच भार, तोच वेग आणि तेच तापमान ठेवून उलट दिशेने घ्यायचे. घर्षणाची दिशा उलटते, भाराच्या सरकलेल्या रेषेचे आघूर्ण मात्र तसेच राहते. दोन मापांतल्या फरकाचा निम्मा भाग म्हणजे शुद्ध घर्षण. ज्या विद्यार्थ्याने ही युक्ती एकदा हाताने केली त्याला मापनातली सातत्याची चूक आणि यादृच्छिक चूक यांतला भेद पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. यासाठी लोड सेल दोन्ही दिशांना बल घेणारा हवा आणि बुशला एका दिशेची म्हणून तेलाची चर नको, हे खरेदीच्या वेळीच पाहून घ्यावे.

तापमान ही दुसरी बाब. तेलाच्या डब्यावर लिहिलेला आयएसओ व्हीजी ३२ किंवा ६८ हा आकडा ४० अंश सेल्सिअसला असलेली श्यानता (तेलाचा दाटपणा) सांगतो, आणि नेहमीच्या खोलीच्या तापमानाला तीच श्यानता सुमारे दुप्पट असते. म्हणून आम्ही प्रत्येक तेलाची श्यानता वेगवेगळ्या तापमानांना स्वतः मोजली आणि वक्र भिंतीवर लावला. पण त्या वक्रावर कोणते तापमान शोधायचे? टाकीतले तापमान सोयीचे असते आणि ते दिशाभूल करते. जाड तेल आणि जास्त वेग असताना या छोट्या बुशमध्ये शंभर वॉटच्या आसपास उष्णता तयार होते आणि थर टाकीपेक्षा बराच गरम असतो. बुशमध्ये आतल्या पृष्ठभागापासून दोन मिमीवर थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) बसवले आणि त्याचे तापमान हिशोबात घेतले, तेव्हा वेगवेगळ्या तेलांचे बिंदू, जे आधी स्वतंत्र रेषांवर पसरलेले होते, एकाच वक्रावर येऊन बसले.

तो वक्र म्हणजे या प्रयोगशाळेचा गाभा. रिचर्ड श्ट्रिबेकने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापांवरून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. आडव्या अक्षावर श्यानता गुणिले वेग भागिले सरासरी दाब ही राशी आणि उभ्या अक्षावर घर्षण गुणांक मांडला की वक्र डावीकडे उंच सुरू होतो, वेगाने खाली येतो, एका तळाला पोहोचतो आणि मग सावकाश वर चढतो. तळाच्या उजवीकडे तेलाचा अखंड थर आहे. तिथे वर चढणाऱ्या रेषेचा उतार पेट्रोव्हच्या १८८३ मधल्या सूत्राशी ताडून पाहता येतो आणि उलट हिशोबाने क्लिअरन्सही काढता येतो, जो आम्ही मायक्रोमीटरने मोजलेल्या मापाशी जुळवून पाहतो. तळाच्या डावीकडे थर फाटू लागतो आणि धातू धातूला भेटू लागतो.

ही डावी बाजू मिळवणे कठीण असते, कारण ती फार कमी वेगाला येते आणि मोटर तिथे धक्के घेत फिरते. मोटरचा वेग बदलणाऱ्या इन्व्हर्टरच्या भरवशावर न राहता मधे गिअरबॉक्स घातला, पातळ व्हीजी १० तेल घेतले आणि भार वाढवला, तेव्हा वक्राची चढती डावी भिंत नीट हाती आली. नवा बुश आधी काही तास हलक्या भारापासून सुरुवात करून रुळवून घ्यावा लागतो, नाहीतर प्रत्येक फेरीत पृष्ठभागाचे उंचवटे झिजत राहतात आणि तळाची जागा डावीकडे सरकत राहते. हे सरकणे एका तुकडीला मुद्दाम दाखवण्यासारखे आहे. त्यासाठी एक न रुळवलेला बुश मी राखून ठेवते.

थर खरोखर फाटतो याचा पुरावा द्यावा म्हणून बुश चौकटीपासून विजेच्या दृष्टीने अलग केला आणि जर्नल व बुश यांच्यामध्ये मोठ्या रोधातून काही मिलिव्होल्टचा विद्युतदाब दिला. तेल विद्युतरोधक आहे. थर अखंड असेल तर ऑसिलोस्कोपवर पूर्ण व्होल्टेज स्थिर दिसते, धातू टेकले की ते शून्याकडे कोसळते. व्होल्टेज इतके कमी ठेवायचे कारण ठिणगीने पृष्ठभाग खरचटू नये. जास्त वेगाला पडद्यावर सरळ रेषा असते. वेग उतरवत नेला की तिच्यात तुरळक खाचा उमटू लागतात, मग त्या दाट होतात आणि शेवटी रेषा तळाशी जाऊन बसते. खाचा उमटायला लागतात तो वेग आणि घर्षणाच्या वक्राचा तळ हे जवळजवळ येतात. दोन अगदी वेगळ्या मापांनी एकच सीमा दाखवावी, हे मला या सर्व उभारणीतले सर्वांत समाधानाचे फलित वाटते.

प्रात्यक्षिकाची मांडणी मग आपोआप ठरली. तुकडीला आधी अंदाज लिहायला सांगते: वेग तोच ठेवून भार ५०० वरून १,००० न्यूटन केला तर घर्षणाचे आघूर्ण किती होईल? बहुतेक जण दुप्पट लिहितात. जास्त वेगाला, बुशचे तापमान पुन्हा पहिल्याइतके होईपर्यंत थांबून माप घेतले, तर आघूर्ण जेमतेम हलते आणि घर्षण गुणांक जवळपास निम्मा होतो. मग तोच प्रयोग अगदी मंद वेगाला, पडद्यावरची रेषा तळाशी बसलेली असताना करायचा. तिथे आघूर्ण खरोखरच दुपटीच्या जवळ जाते आणि गुणांक ०.१ च्या आसपास टिकून राहतो. म्हणजे ठोकळ्याचे नियम खोटे नव्हते. धातू धातूला टेकतो तिथपर्यंत त्यांचे राज्य आहे, आणि एकाच बुशवर वेग बदलत त्या राज्याची सीमा ओलांडून परत येता येते. यानंतर विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न वेगळ्याच पातळीचे असतात. इंजिनाची सर्वाधिक झीज सुरू होताना आणि थांबताना का होते, हे एका विद्यार्थिनीने वक्रावर बोट ठेवून इतरांना समजावले. मला काही सांगावे लागले नाही.

बॉल बेअरिंगसाठी वेगळे यंत्र न बांधता याच शाफ्टवर बुशच्या जागी बसणारे, बॉल बेअरिंग धरून ठेवणारे घर (हाउसिंग) तयार केले. खोल खाचेच्या बॉल बेअरिंगचा घर्षण गुणांक ०.००१५ च्या जवळ असतो आणि सुरू होतानाही तो बुशसारखा ०.१ पर्यंत उसळत नाही, एवढे दाखवायला ते पुरते. मात्र बेअरिंग सीलसह घेतले तर मोजलेल्या आघूर्णाचा मोठा भाग सीलचाच निघतो, म्हणून आधी उघडे, मग सीलचे, अशी जोडी मोजायला ठेवावी. गोळी आणि खाच यांच्यातला तेलाचा थर मायक्रोमीटरहून पातळ असतो आणि तिथला दाब गिगापास्कलच्या घरात जातो, ज्याने तेलाची श्यानताच प्रचंड वाढते. हा भाग आमच्या यंत्रावर मोजता येत नाही आणि तो वर्गातच शिकवावा लागतो.

नव्याने असे काही उभारणाऱ्यांसाठी काही किरकोळ पण आवश्यक बाबी: वजनांच्या हँगरखाली आधार द्यावा, म्हणजे जोडणी सुटली तर वजन पायावर पडणार नाही, फिरत्या भागांवर पारदर्शक झाकण हवे, दोन्ही यंत्रांखाली खोल तबके ठेवावीत, कारण तेल जमिनीवर आले की घर्षणाचा नको तिथे प्रयोग होतो. तेल बदलताना बुश, नळ्या आणि टाकी पूर्ण रिकामी करून नव्या तेलाने एकदा धुऊन घ्यावी, कारण व्हीजी १० मध्ये थोडे व्हीजी ३२ मिसळले तरी श्यानतेचा भिंतीवरचा वक्र निरुपयोगी होतो. सध्या मी बुशच्या माथ्यावर एक बारीक छिद्र घेऊन त्यात दाब-संवेदक बसवण्याच्या प्रयत्नात आहे. तो नीट बसला तर पारदर्शक यंत्रावर सेंटिमीटरमध्ये वाचलेला दाब इथे मेगापास्कलमध्ये मोजता येईल, आणि क्लिअरन्सच्या वर्गाचा तो गुणाकार कागदावर न राहता दोन यंत्रांच्या मापांवरून तपासता येईल.